गायी-म्हशींचा माज ओळखण्याचे प्रशिक्षण बायकांना द्या

महोदय,

गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर (फळण्याच्या अवस्थेत) आली, की खापर कृत्रिम रेतन करणाऱ्यावर फुटते. त्यात तथ्य नाही असे नाही. उणे 196 अंशांच्या द्रव नत्राच्या पात्रातून काढलेली गोठवलेल्या वीर्याची कांडी 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. काही जण ती तळहातावर चोळून मोकळे होतात! पण खरी गोम गोठ्यात आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम पाठ असून उपयोग काय, माज दिसलाच नाही तर? म्हशीचा मुका (वरवर न जाणवणारा) माज ओळखायला नजर लागते. काचेसारखी सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), पान्हा चोरणे, सारखी थोडी थोडी लघवी. हे सगळ्यांत आधी दिसते धार काढणाऱ्या बाईला. प्रशिक्षणाच्या सतरंजीवर मात्र आम्ही पुरुषच बसतो, चहा-बिस्किटांसह. एक माज हुकला की 21 दिवसांचा चारा-पेंड अंगावर पडतो. दूध संघांनी पुढचा वर्ग दुपारी, गावातच, बायकांसाठी घ्यावा. रेतनाची तारीख व वळूचा क्रमांक लिहायची वही तिथेच हातात द्यावी, म्हणजे तीन महिन्यांनी गाभण तपासणीला डॉक्टरांच्या प्रश्नांना आम्हाला अंदाजाने उत्तरे द्यावी लागणार नाहीत.

– एक दूध उत्पादक, जि. अहिल्यानगर