फ्रान्समधल्या तुलूझहून पत्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. परवा फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो रेंजमुळे. स्वेटर दोन आहेत आणि घालतोही.

मी गुहेत गेलो हे ऐकून आईला रात्री झोप लागली नाही, असं दादा म्हणाला. अगं, वाघाची गुहा नव्हे ती! पेश मेर्ल नाव. तिकीट काढून पंचवीस जणांच्या घोळक्यात जायचं, पुढे गाइड, आत दिवे, पायऱ्या. आतल्या भिंतींवरच्या जुन्या चित्रांना त्रास नको म्हणून दिवसाला सातशेच माणसं आत घेतात. ऑफिसातल्या लोकांनी सहल काढली होती, बसचे पैसेही त्यांचेच.

फजिती झाली ती बाहेरच. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन मी आपलं सरळ विचारलं, अकराचा ग्रुप कुठे थांबतो? बाई म्हणाली, "बोंजूर." मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. पुन्हा "बोंजूर", या वेळी जरा लांबवून. मागे रांग खोळंबलेली. शेवटी मीही बोंजूर म्हटलं, तेव्हा कुठे तिने नीट सांगितलं. दीड वर्ष झालं तरी घाईत विसरतो. आपल्याकडे राम राम ओळखीच्या माणसाला. इथे टोलनाका आहे, आधी बोंजूर भरा, मग पुढे. दुकानात शिरताना, लिफ्टमध्ये, बस ड्रायव्हरला, दवाखान्यात बसलेल्या अख्ख्या बाकाला. आणि त्याच माणसाला दुपारी परत म्हटलं तर त्याला वाटतं, हा सकाळचं विसरला. संध्याकाळी त्याचं बोंसुआर होतं, पण नेमकं किती वाजता, ते कोणी सांगत नाही. तेव्हा आई, बोलायला कोणी नाही असं समजू नकोस. दिवसाला तीस-चाळीस माणसांशी बोलतो.

गुहा अजिंठ्यासारखी कोरलेली नाही, पाण्यानेच चुनखडी खाऊन केलेली. 1922 साली दोन पोरांना आत चित्रं सापडली. फोटो काढू देत नाहीत, म्हणून लिहितो. एका भिंतीवर दोन घोडे आहेत, एकमेकांकडे पाठ केलेले, सुमारे 29 हजार वर्षांपूर्वीचे. उजवीकडे दगडाची कडाच घोड्याच्या तोंडासारखी आहे, चितारणाऱ्याने ती बरोबर हेरलीय. अंगभर काळे ठिपके, काही तर अंगाबाहेरही सांडलेले. भोवती माणसांचे पंजे. हात भिंतीला लावायचा आणि तोंडातून रंग फुंकायचा, अशी रीत होती म्हणे. गाइड फ्रेंचमध्ये काय काय सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. मला आपला पोळ्याचा राजा दिसत होता, गेरूचे ठिपके दिलेला, आणि मी पाठीवर उमटवलेला वाकडा पंजा.

पुढे एका ठिकाणी चिखलात उमटून घट्ट झालेली पावलं आहेत, लहान पोराची. टाच स्पष्ट दिसते.

बाबा, तुम्हाला आवडली असती ती वेगळीच गोष्ट. वरच्या रानातल्या ओकचं मूळ गुहेच्या छतातून खाली आलंय, आणि तसंच अधांतरी उतरून खालच्या जमिनीत घुसलंय. मनगटाएवढं जाड. सगळे घोडे बघून पुढे गेले, मी तिथेच उभा होतो. गाइडने हाक मारली तेव्हा निघालो.

बोअरसाठी पन्नास हजार पाठवलेत, मंगळवारपर्यंत खात्यात दिसतील. बाकीचे दिवाळीआधी. पतसंस्थेकडे परत जाऊ नका. जोडी विकल्याचं मला दादाकडून कळलं. तुम्ही सांगितलं असतंत तर मी काही म्हणालो नसतो. ट्रॅक्टर भाड्याने परवडतो, हिशेब बरोबरच आहे तुमचा.

छोटीच्या साखरपुड्याला रजा मिळत नाही. विचारलं होतं, खरंच. लग्नाला दहा दिवस येतो, तारीख लवकर कळवा म्हणजे तिकीट स्वस्त पडेल. मामांनी पाठवलेला माझ्यासाठीचा बायोडाटा पाहिला. मुलगी चांगली आहे, पण आधी छोटीचं होऊ द्या. मामांना एवढंच सांगा, जास्त काही नको.

आजीच्या गोळ्या संपल्या असतील, दादाला आठवण करा.

यंदा मातीची जोडी पुजली म्हणे. ठिपके कोणी दिले?

तुमचा,
बाळू