पार्किंगचे सेन्सर बसवताना दुचाकींचा विचार आधी व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा आणि निराला बाजार या भागांत सणासुदीला होणाऱ्या कोंडीत जागा शोधत फिरणाऱ्या वाहनांचाही मोठा वाटा असतो. रिकामी जागा वाहनचालकाला आधीच मोबाइलवर दिसली, तर हे फिरणे बरेच कमी होईल. त्यासाठी बिनतारी सेन्सरचे जाळे उभारण्याची कल्पना मला मनापासून पटते. मात्र ती आपल्या रस्त्यांना जुळेल अशीच राबवली जावी, यासाठी हे पत्र.

जमिनीत बसवलेला चुंबकीय सेन्सर मोटारीच्या लोखंडी सांगाड्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपतो आणि जागा भरली की रिकामी झाली, एवढाच निरोप खांबावरील यंत्राकडे पाठवतो. अशा कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ ही लहरपट्टी परवान्याविना वापरता येते, त्यामुळे संदेशवहन फारसे महाग पडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. ही रचना एका आखीव चौकटीत एक मोटार, असे गृहीत धरून केलेली आहे आणि आपल्या बाजारपेठेत तर दुचाकींचेच राज्य आहे. दुचाकीत लोखंड कमी असते, एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी तिरप्या उभ्या राहतात, आणि त्यातील एक निघाली तर जमिनीतल्या सेन्सरला ते खात्रीने कळेलच असे नाही. म्हणून दुचाकींसाठी वेगळे वाहनतळ राखून त्यांच्या प्रवेशद्वारावरच आत-बाहेरची मोजणी करावी, आणि जमिनीतले सेन्सर फक्त पांढरे पट्टे आखलेल्या मोटारींच्या जागांपुरते ठेवावेत.

दुसरा मुद्दा देखभालीचा. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ मध्ये सुमारे ८,२०० सेन्सर बसवून मागणीनुसार पार्किंगचे दर बदलण्याचा प्रयोग केला. तेथेही २०१३ च्या अखेरीस सेन्सर बंद करण्यात आले आणि पुढे मीटरवर भरल्या जाणाऱ्या पैशांच्या नोंदींवरून दर ठरवले जाऊ लागले. आपल्याकडे तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डांबर किती तापते, हे सांगायला नको. जलवाहिनीसाठी रस्ता खोदला की सेन्सर उखडणार आणि नवे डांबरीकरण झाले की तो थराखाली गाडला जाणार, हे गृहीत धरूनच निविदा काढली पाहिजे. बॅटरी बदलणे, रस्त्याच्या कामानंतर सेन्सर पुन्हा बसवणे आणि त्यांची अचूकता प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहणे ही जबाबदारी किमान पाच वर्षे गुत्तेदारावरच असावी व देयक चालू सेन्सरच्या संख्येवर द्यावे.

महापालिकेने सुरुवात निराला बाजारसारख्या एकाच भागापासून करावी आणि जमा होणारी माहिती नागरिकांना खुली ठेवावी. कोणत्या वेळी किती जागा रिकाम्या असतात हे व्यापारी, रिक्षाचालक आणि रहिवासी यांना दिसले, तर पार्किंगचे शुल्क किती असावे आणि नवा वाहनतळ कोठे हवा, यावरची चर्चा तरी आकड्यांच्या आधारे होईल.

आपला,
एक नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर