धबधब्यावर बंदीचा फलक नको, पाण्याची खूण हवी

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : सह्याद्रीतील पावसाळी सहलींची ठिकाणे आणि दर वर्षीचे मनाई आदेश

महोदय,

पाऊस जोर धरू लागला की घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत मनाई आदेश निघतो. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. मजकूर तोच. धबधब्याखाली बसू नये, खोल पाण्यात उतरू नये, कड्याच्या टोकाला उभे राहून सेल्फी काढू नये. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण आदेश अख्ख्या तालुक्याला लागतो आणि महिना-दोन महिने चालतो. ओढ्याला पाणी चढते ते मिनिटांत, आणि जीव जातो तो दहा-वीस मीटरच्या पट्ट्यात. या दोन मापांचा मेळ बसत नाही. शिवाय नावाजलेली जागा बंद झाली की गर्दी घरी बसत नाही, ती पुढच्या वळणावरच्या बिननावाच्या ओढ्यात उतरते. तिथे ना पोलीस असतो, ना रेंज.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. गर्दी धरणाच्या पायऱ्यांवर असते, म्हणून बंदोबस्ताचे लक्षही तिथेच. दुर्घटना घडली मागच्या अंगाला, डोंगरावरून धरणात उतरणाऱ्या उघड्या कातळावर. वर पाऊस वाढला आणि प्रवाह एकाएकी फुगला.

‘एकाएकी’ हा शब्द बातमीत शोभतो, नियोजनात नाही, कारण याचे गणित मांडता येते. एखाद्या धबधब्याच्या माथ्यावर फक्त १ चौरस किलोमीटर उतार आहे असे धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या उतारावर ५ कोटी लिटर पाणी पडले. जूनच्या सुरुवातीला तहानलेली माती त्यातले बरेचसे पिऊन टाकते. महिनाअखेर तिचे पोट भरलेले असते, आणि काळा कातळ तर थेंबही पीत नाही. चारातले तीन भाग जरी खाली आले तरी सेकंदाला १०,००० लिटर झाले. म्हणून ७ जूनला जो पाऊस निभावून जातो, तेवढाच पाऊस ७ जुलैला माणसे नेतो.

आता पायांचे गणित. गुडघाभर पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल तर दोन पायांवर ढोबळ मानाने ६ किलो वजनाइतका रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे २४ किलो. शेवाळलेल्या कातळावर ६० किलोच्या माणसाचा पाय दहा-बारा किलोच्या रेट्यालाच सुटतो. हिरवे शेवाळ निदान दिसते. त्याहून वाईट तो कातळावरचा काळा बुळबुळीत थर, जो नुसता ओला दगड वाटतो. लोक घाबरून हातात हात घालून प्रवाहाला आडवी साखळी करतात, तेव्हा पाणी अडवणारे अंग उलट वाढते. उभी रांग करावी लागते : सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला, बाकीचे त्याच्या मागे खांदे धरून. कोणत्याही फलकावर हे चित्र काढलेले दिसत नाही. ‘सावधान’ एवढेच असते.

तेव्हा पहिली मागणी पातळीच्या खुणेची. प्रत्येक जागी, पाण्यातून सहज दिसेल असा एक पक्का कातळ निवडून त्यावर पांढरा, पिवळा, लाल असे तीन पट्टे रंगवावेत. पाणी पांढऱ्यावर असेल तर काठापर्यंत जा, पिवळ्याला टेकले की सगळे बाहेर, लाल पट्टा बुडाला तर वाहनतळावरूनच परत. उंची कार्यालयात बसून ठरवू नये. गावातल्या जाणत्यांना विचारावे, कारण कोणता दगड बुडाला की पलीकडची गुरे आणता येत नाहीत हे गुराख्याला तोंडपाठ असते.

आणि ही खूण धबधब्यापाशी एकटी पुरणार नाही. खरा घात परतीच्या वाटेवर होतो. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याहून देवकुंड धबधब्याला जाताना ओढे आडवे येतात, तशीच गत सह्याद्रीतल्या बहुतेक पायवाटांची आहे. सकाळी दहाला चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून पार केलेला ओढा दुपारी तीनला मांडीपर्यंत आलेला असतो. मागे जंगल, पुढे पाणी, अंधार पडायच्या आत घर गाठायची घाई. मग ‘चल रे, एवढे काय’ म्हणत पहिला उतरतो. त्यामुळे ओढा ओलांडायच्या अशा प्रत्येक जागी खूण हवीच, आणि तिच्याखाली एक ओळ : पाणी ओसरेपर्यंत थांबा. छोट्या ओढ्याचे पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-तीन तासांत उतरते. उतरले नाही, तरी थांबलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचू शकते.

दुसरी मागणी माथ्यावरच्या माणसाची. फुगलेला ओढा सेकंदाला अडीच मीटरने धावला तरी एक किलोमीटर यायला सहा-सात मिनिटे घेतो. तेवढ्या वेळात धबधब्याखालच्या कुंडातली माणसे बाहेर निघतात, फक्त कोणीतरी वर पाहत असले पाहिजे. वर एक, खाली एक, अशी गावातलीच दोन मुले, दोघांकडे वॉकी-टॉकी. मोबाइलच्या भरवशावर राहू नये. खाली नुसती शिट्टीही चालत नाही, कारण कोसळणाऱ्या पाण्याच्या आवाजात ती विरून जाते. हाताने फिरवायचा भोंगा आणि मोठा लाल बावटा हवा. वरच्या मुलाला पाहायचे एवढेच असते : स्वच्छ पाणी गढूळ झाले का, पाला-काटक्या वाहू लागल्या का, घरघर वाढली का.

बचावाच्या सामानाबद्दल थोडक्यात. १५ ते २० मीटर तरंगणारा दोर असलेली फेकपिशवी प्रत्येक जागी दोन तरी असाव्यात. आडवा दोर बांधायचा झाला तर प्रवाहाला काटकोनात नको, तिरका हवा, म्हणजे धरलेला माणूस पाण्यानेच काठाकडे सरकतो. दोर कमरेला गाठ मारून कुणालाही पाण्यात उतरवू नये. दोर ताणला की पाणी त्या माणसाला खाली दाबून धरते. धबधब्याच्या थेट खालच्या फेसात निम्मी हवाच असते, तिथे पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही आणि लाइफ जॅकेटचाही जोर कमी पडतो. कुंडाच्या त्या भागात उतरण्यावर मात्र बारमाही बंदी घाला. तिला आमचा पूर्ण पाठिंबा राहील.

पुलांचे वेगळे सांगायला हवे. १५ जून २०२५ ला पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचे आधीच माहीत होते. साकवाचा, म्हणजे पायी जायच्या अरुंद पुलाचा, हिशेब करून पाहा : एक मीटर रुंद, तीस मीटर लांब, चौरस मीटरला तीन माणसे उभी, म्हणजे ९० जण, जवळपास साडेपाच टन. गावकरी एकामागे एक चालत जातात तेव्हा त्यावर टनभरही भार नसतो. फोटोसाठी सगळे मधोमध थांबतात तिथे भार सर्वांत वाईट जागी येतो. अशा पुलावर फलक लावून कुणी मागे फिरत नाही. मोडकळीला आलेला असेल तर दोन्ही टोकांना लोखंडी अडसर जमिनीत गाडावा, चालू असेल तर टोकाला माणसे मोजून सोडणारा एक जण.

गर्दी मोजण्याचे ठिकाण धबधबा नव्हे, वाहनतळ. कास पठारावर आसपासच्या गावांच्या समितीमार्फत शुल्क घेतले जाते, ऑनलाइन नोंदणी होते, रोजच्या संख्येला मर्यादा आहे. तेच इथे व्हावे आणि जमलेल्या पैशांतून वरच्या-खालच्या मुलांचा रोज निघावा. हवामान विभाग पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूरच्या घाटभागांसाठी वेगळा इशारा देतो. तो सकाळी सातला वाहनतळाच्या फळ्यावर खडूने लिहिला गेला पाहिजे. थोसेघरला धबधबा समोरून, कठड्याआडून पाहायची सोय आहे. जिथे दरीची रचना तशी आहे तिथे आधी असे सज्जे बांधा, माणसे पाण्याजवळ जायचा हट्ट बऱ्याच अंशी सोडतात.

२४ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने राज्याचे साहसी पर्यटन धोरण आले. चांगले आहे, पण ते आयोजकांना नोंदणीत आणते. दोन मोटारसायकलींवर आलेले चौघे कोणत्याच आयोजकाचे नसतात, आणि ओढ्याकाठी गर्दी त्यांचीच असते. त्यातच भुशीचे धरण रेल्वेचे, डोंगर कुठे वन विभागाचा, रस्ता तिसऱ्याचा आणि शिट्टी पोलिसांची. प्रत्येकाचा फलक आहे, जबाबदारी कुणाचीच नाही. प्रत्येक जागेसाठी एकच अधिकारी नेमून त्याचे पद आणि दूरध्वनी तिथल्याच फलकावर लिहा. प्रवेश थांबवायचा आणि पुन्हा सोडायचा अधिकारही त्यालाच द्या.

यातले बहुतेक काम कोरड्या दिवसांतच होते. ओल्या कातळावर रंग धरत नाही. दगड तारेच्या ब्रशने घासून, दोन दिवस उन्हात वाळू देऊन मगच इपॉक्सी रंगाचा हात द्यावा लागतो. म्हणजे जागांची यादी फेब्रुवारीत, खुणा एप्रिलअखेर आणि मुलांचे प्रशिक्षण मेमध्ये. आदेश जूनमध्ये निघाला तर हातात पुन्हा फलकच उरतील.

आपले,
घाटमाथ्यावर वाटाडेपण आणि बचावाचे काम करणारे काही जण