बाळूचे कान

ड्युनेडिन, न्यूझीलंड
२ ऑगस्ट

ती. दादा व सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

बाळूच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा दिल्याचे कळले आणि मला माझी तिसरी आठवली. पेठेतल्या त्या शाळेत उंचीमुळे मी शेवटच्या बाकावर बसत असे आणि श्रुतलेखनात 'रामाने'च्या जागी 'रामा' लिहून छड्या खात असे. त्याच पावसाळ्यात माझा कान फुटला होता आणि आई त्यात लसणीचे कोमट तेल घालत होती. या दोहोंचा संबंध कुणाच्याही ध्यानात आला नाही. (तुम्ही तेल मात्र घालू नका, कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर ते थेट आत उतरते.)

बाळूचेही तसेच, कमी ऐकू येण्यामुळे होत असेल. त्याचा कान दुखत नाही, म्हणून तो बरा आहे असे समजू नये. लहान मुलांची नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजली की पडद्यामागे पाणी साचते, पुढे ते चिकट होते, आणि ताप नाही, ठणका नाही, केवळ ऐकू कमी येते, बहुधा २० ते ३० डेसिबलने. मोठ्याने हाक मारली की मूल वळते, त्यामुळे घरी शंका येत नाही. वर्गात मात्र पंख्याच्या घरघरीत आणि मुलांच्या गलक्यात 'स', 'फ', 'थ' आणि शब्दाच्या शेवटी हळू उच्चारले जाणारे प्रत्यय गळतात. 'बाळूने मारले' आणि 'बाळूला मारले' यांतला फरक तेवढ्यावरच तर असतो!

मी राहते त्याच शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. कानाचा हा त्रास ज्यांना लहानपणी फार काळ होता, ती वाचनात व एकाग्रतेत किशोरवयातही काहीशी मागे आढळली. उलट अमेरिकेत पिट्सबर्गला, कानात असे पाणी राहिलेल्या तीन वर्षांच्या आतील मुलांच्या पडद्यात ऑपरेशन करून लगेच बारीक नळ्या बसवून पाहिले, तर नऊ ते अकराव्या वर्षी, थांबून निर्णय घेतलेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. म्हणून ऑपरेशनची घाई नको. पुष्कळदा तीन महिन्यांत पाणी आपोआप ओसरते. परंतु कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबाने कानाचा पडदा किती हलतो ते पाहण्याची तपासणी) करून घ्याच, आणि तीन महिन्यांनी पुन्हा, कारण हे ऐकणे सर्दीबरोबर कमीजास्त होते. तोवर बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवा.

आणि दादा, रात्री त्याला गोष्ट सांगताना टीव्ही बंद ठेव व वाक्याचा शेवट खाऊ नकोस. ती तुझी जुनी सवय आहे.

तुझी,
धाकटी