उतारावरचा वाळा

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

मुळशीच्या घरामागची माती दर पावसाळ्यात ओघळून ओट्यापर्यंत येते, म्हणून त्या उतारावर विकतची हिरवळ अंथरावी का, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर तो नाद सोड आणि वाळा लाव. आपण माठात ज्याच्या मुळांची पुरचुंडी टाकतो तेच हे गवत. आपल्याच देशातले आणि एकदा रुजले की वर्षानुवर्षे टिकणारे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली उतरतात आणि जमीन खोल असेल तर तीन मीटरपर्यंतही जातात. कर्नाटकातल्या गुंडलुपेटकडचे शेतकरी ते पूर्वीपासून बांधावर लावत आले आहेत. जागतिक बँकेला माती अडवण्याचा हा उपाय सुचला तो 1980 च्या दशकात!

बियांच्या मागे लागू नकोस. रोपवाटिकेतून बी न धरणाऱ्या जातीचे फुटवे आण, म्हणजे ते बागभर माजणार नाही. दोन-तीन फुटव्यांचा जुडगा घेऊन पाती वीतभर आणि मुळे चार बोटे राहतील अशी छाट. जूनमध्ये पाऊस नीट धरला की उताराला आडवी ओळ आखून, 10 ते 15 सेंटीमीटरवर एकेक जुडगा लाव. ओळ एका पातळीत हवी, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नकोस. गवंड्याकडची पाण्याची नळी मागून घे. ओळीत कुठे खिंडार राहिले तर सगळे पाणी तिथूनच धावते, म्हणून मेलेल्या जुडग्याच्या जागी त्याच पावसात नवा लाव. दाट झालेल्या ओळीशी पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे बसतो आणि पाणी तेवढे पाझरून पुढे जाते.

आंब्याच्या सावलीत मात्र तो नेटाने वाढणार नाही, त्याला उघडे ऊन लागते. वाढलेली पाती अधूनमधून कापून झाडांच्या बुंध्याशी अंथर. कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, कारण त्यांच्या कडा धारदार असतात.

सुगंधी मुळांचा मोह तुला होणारच, पण त्यासाठी उतारावरची ओळ उपटायची नाही. गच्चीवर एका जुन्या पिंपात, तळाला भोके पाडून, वाळूमिश्रित मातीत दोन जुडगे वेगळे लाव. दीड वर्षाने पिंप आडवे केले की मुळे न तुटता निघतील. ती धुऊन सावलीत वाळव आणि थोडी मला पाठव.

तुझी,
आई