२०० मिली जादा ऑइल, आणि त्यावर रिंग-बोअरचे एस्टिमेट

दिनांक : १८ जुलै

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने इंजिन ऑइल मापापेक्षा जास्त भरल्याबद्दल, आणि त्यामुळे आलेल्या धुरावर सुचवलेले इंजिनकाम रद्द करण्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीच्या १५० सीसी एअर-कूल्ड मोटरसायकलची सर्व्हिस २ जुलै रोजी वरील सेंटरमध्ये झाली. त्यानंतर त्र्यंबकेश्वरची एक जाऊन-येऊन फेरी, म्हणजे साठेक किलोमीटर झाले, आणि ॲक्सिलरेटर पिळला की निळसर धूर येऊ लागला. एअर फिल्टरच्या डब्याखाली जी छोटी नळी लोंबते, तिच्यातून ऑइल ठिबकत होते. सेंटरला दाखवल्यावर निदान पाच मिनिटांत मिळाले : "रिंगा गेल्यात, बोअर करावा लागेल." म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून घासून मोठा करावा लागेल. सोबत ११,८०० रुपयांचे एस्टिमेट. प्लग काढला नाही, कॉम्प्रेशन मोजले नाही, ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टीसुद्धा बाहेर काढली नाही.

रिंगा ठीक आहेत. ऑइल जास्त भरले आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच बिलावर छापलेला आहे : इंजिन ऑइल, १.२ लिटर.

मॅन्युअलमध्ये या गाडीसाठी दोन आकडे आहेत. नुसते ऑइल बदलताना १ लिटर, आणि इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडल्यावर १.२ लिटर. ड्रेन बोल्ट काढला तरी सगळे ऑइल खाली येत नाही. हेडमध्ये, क्लचच्या प्लेटांत, गिअरच्या दात्यांत आणि ऑइलच्या वाटांत मिळून सुमारे २०० मिली अडकून राहते. कोरड्या इंजिनाचा आकडा ओल्या इंजिनाला लावला की तेवढेच जादा होते. हे इंजिन सर्व्हिसमध्ये खोललेले नव्हते, जॉब कार्डावर तशी नोंदही नाही.

लेव्हल नीट तपासली असती तरी चूक तिथेच पकडली गेली असती. सर्व्हिसच्या वेळी ती तपासली साइड स्टँडवर. गाडी डावीकडे कलते, पट्टी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे ऑइल पट्टीपासून दूर सरकते आणि भरलेले इंजिनही रिकामे भासते. वर इंजिन बंद केल्या केल्या पट्टी काढली, म्हणजे काही ऑइल अजून वरच्या भागातून निथळायचे होते.

मॅन्युअलमधली पद्धत घरी करायला कुठलेही हत्यार लागत नाही. सपाट जागा (पार्किंगचा उतार नव्हे), गाडी मेन स्टँडवर. इंजिन ३ ते ५ मिनिटे चालू ठेवायचे, बंद करून २-३ मिनिटे थांबायचे. पट्टी काढून फडक्याने कोरडी पुसायची, भोकात नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, कारण या मॉडेलमध्ये फिरवली की ती खोल जाते आणि लेव्हल जास्त दिसते. मग खालच्या-वरच्या खुणांमध्ये ऑइल कुठे आहे ते पाहायचे. माझ्या गाडीत ते वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते.

लेव्हल वाढण्याचे दुसरे कारण म्हणजे ऑइलमध्ये पेट्रोल किंवा पाणी उतरणे. म्हणून तेही तपासले. पट्टीला पेट्रोलचा वास नाही, ऑइल बोटांत पाण्यासारखे पातळ लागत नाही. वर्तमानपत्रावर टाकलेल्या थेंबाभोवती पातळ, झरझर पसरणारे कडे आले नाही. झाकणाच्या आत ताकासारखा पांढरट फेस नाही, म्हणजे पाणीही नाही. रंग काळपट आहे, पण काळ्या ऑइलवरून इंजिन बाद ठरवणे हा गॅरेजमधला जुना घोळ आहे. काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे.

९ जुलै रोजी गरम इंजिनातून निघेल तेवढे ऑइल काढून मापाच्या भांड्यात घेतले : १,१४० मिली. आत अडकणारे २०० मिली आधीही आतच होते आणि आताही आतच राहिले, त्यामुळे एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) उडालेले तेवढे धरले की तुमच्या बिलातले १.२ लिटर जुळते. काढलेल्या ऑइलमधून चुंबक फिरवला, तर बारीक करडी पेस्ट चिकटली, जी नेहमीच असते. चकत्या किंवा कपचे आले असते तर मीच इंजिन उघडायला सांगितले असते.

धुराचा उगमही साधा आहे. लेव्हल जास्त झाली की इंजिनात फिरणारा क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, त्याभोवतीच्या क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे तो दाब सोडणाऱ्या नळीतून एअर बॉक्समध्ये जाते. तिथून ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि जळते. एअर फिल्टर चिंब होता. तो बदलला, डबा पुसला, नवे १०डब्ल्यू-३०, जासो एमए प्रतीचे (ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारे) ऑइल बरोबर १ लिटर भरले. एक्झॉस्टमध्ये साचलेले जळेपर्यंत पहिले वीसेक किलोमीटर थोडा धूर आला, मग थांबला. ३०० किलोमीटरनंतर पट्टीवरची लेव्हल जिथल्या तिथे आहे आणि प्लग कोरडा, तपकिरी आहे. गेलेल्या रिंगा ऑइल बदलून बऱ्या होत नाहीत.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला धुरापेक्षा जास्त खटकली. ड्रेन बोल्टचा वॉशर जुनाच, दबून चपटा झालेला लावला होता. तो गळू नये म्हणून बोल्ट इतका आवळला की काढताना आट्यांवर ॲल्युमिनियमचा कीस आला. मॅन्युअलमध्ये आवळण्याचा जोर ३० न्यूटन-मीटर दिला आहे. टॉर्क पान्याऐवजी पाइप लावून आवळणाऱ्याला तो आकडा काय कामाचा? आज बोल्ट धरतो, अजून एक-दोन सर्व्हिसनंतर आटे जातील. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आटे पुन्हा पाडून मिळतात हे मला ठाऊक आहे, पण त्यासाठी क्रँककेसला भोक मोठे करावे लागते, आणि काही रुपयांच्या वॉशरपायी ते मी का करावे?

बिलावर ऑइलचा ग्रेडही नाही. १ लिटरच्या बाटलीशिवायचे जादा २०० मिली कुठल्या डब्यातून आले? गिअरलेस स्कूटरचे एमबी प्रतीचे असेल, तर ओल्या क्लचच्या गाडीत प्लेटा घसरू शकतात. याचे लेखी उत्तर हवे.

माझ्या मागण्या : रिंग-बोअरचे एस्टिमेट व गाडीच्या नोंदीतला "इंजिन दोष" हा शेरा लेखी रद्द करावा, ऑइल, एअर फिल्टर व वॉशर यांचे १,०६० रुपये परत द्यावेत, ड्रेन बोल्टचे आटे आपल्या तांत्रिक अधिकाऱ्याने तपासून, खराब ठरल्यास क्रँककेसचे काम विनामूल्य करावे. काढलेले १,१४० मिली ऑइल, चिंब फिल्टर आणि चपटा वॉशर जपून ठेवले आहेत. तपासणीनंतर ते ऑइल आपल्याच अधिकृत संकलनात घ्यावे, ते नाल्यातून गोदावरीत जाऊ नये. बिल, जॉब कार्ड, एस्टिमेट आणि पट्टीचे फोटो सोबत आहेत.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, नाशिक
(नाव, गाडी क्रमांक व जॉब कार्ड क्रमांक सोबतच्या प्रतींवर)