फ्लॉपी ड्राइव्ह पुरता मोडीत काढू नका

माननीय संपादक महोदय,

फ्लॉपी ड्राइव्ह (फ्लॉपी ही मजकूर साठवण्याची जुनी चुंबकीय तबकडी वाचणारा संगणकाचा भाग) आता कालबाह्य झाला, असे सरसकट म्हटले जाते. नव्या संगणकात तो बसवावा असे माझेही म्हणणे नाही; साडेतीन इंची फ्लॉपीत मावतो जेमतेम १.४४ मेगाबाइट मजकूर, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेला एखादा फोटोही तिच्यात बसणे कठीण. अ‍ॅपलने १९९८ मध्ये आयमॅक संगणकातून हा ड्राइव्ह वगळला तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती, पण २०११ मध्ये सोनीनेही फ्लॉप्यांची विक्री थांबवली.

प्रश्न जुन्या फ्लॉप्यांचा आहे. गेल्या महिन्यात रामबागेतील आमच्या घरी माळा आवरताना वडिलांच्या लेखांच्या ११ फ्लॉप्या सापडल्या. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळवून पाहिले, तर ७ उघडल्या. उरलेल्यांपैकी एकीची धातूची सरकती पट्टी बाजूला करताच आतील तबकडीवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसले. (अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये, वाचणारे हेड खराब होते.) उघडलेल्या फायलींतील मराठीही युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमधली असल्याने, तो फॉन्ट नसताना पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोपाळकाला उमटला.

इंदुरातील मराठी संस्थांच्या कपाटांतही नव्वदच्या दशकातील स्मरणिका आणि सभासदांच्या याद्या अशाच पडून असतील. त्यांनी एखादा चालू ड्राइव्ह सामाईक विकत घेऊन बुरशी धरण्यापूर्वीच हा मजकूर उतरवून घ्यावा, आणि मूळ फॉन्टही सोबत जपून ठेवावेत, एवढीच विनंती.

– एक वाचक, इंदूर